मोहरीचं तोंड आणि सातवा नियम

गेटवर येणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइल कॅमेऱ्यावर हिरवा स्टिकर चिकटवायचं काम मी मागून घेतलं होतं. बावीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवल्यामुळे लोकांना रांगेत उभं करायला मला आवडतं, हे कबूल करते. स्टिकर काढायला गेलं की फाटतो, पुन्हा चिकटत नाही, म्हणजे लबाडी लगेच उघडी पडते. तसला स्टिकर मेन रोडची दहा दुकानं पालथी घालून मीच शोधला होता.

गंगापूर रोडच्या पुढे आमच्या क्लबचं मैदान आहे. दर जानेवारीत तिथे घोडेस्वारीची स्पर्धा होते आणि मी तिथे निरीक्षक असते. दोन वर्षांपूर्वी माझी विद्यार्थिनी वेदिका सरावात घोड्यावरून पडली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ गाणं लावून टाकला आणि दोन लाख लोक त्या पोरीला हसले. तिने पुन्हा घोड्याकडे पाहिलं नाही. मी अशी भडकले की एका बैठकीत सगळी नियमावली लिहून काढली. सरावाच्या मैदानाला चहूबाजूंनी पत्रे, आत कुणीही चित्रण करायचं नाही. सातवा नियम असा: चित्रण करताना कुणी सापडलं तर निरीक्षकाने नावानिशी लेखी अहवाल द्यायचा, ते चित्रण तिन्ही पंचांनी पाहायचं, मग सगळ्यांदेखत पुसायचं आणि करणाऱ्याला क्लबमधून कायमचं काढायचं. उगाच कुणावर आळ येऊ नये म्हणून पंचांनी पाहायची अट मी मुद्दाम घातली होती. समितीने टाळ्या वाजवल्या आणि मला शाल दिली.

दुसरा एक नियम जुना आहे. फेरी संपली की निरीक्षकाने पांढरा हातमोजा घालून घोड्याच्या ओठांच्या कडेने बोट फिरवायचं. मोज्यावर रक्त आलं की घोडा बाद. पण आमचे लोक काही कमी नाहीत. आता घोड्याची निगा राखणाऱ्या प्रत्येक सईसाच्या खिशात बीट असतं. घोडा फेरीतून बाहेर आला रे आला की त्याच्या तोंडात बीटाची फोड जाते. घोडा आवडीने चावतो, फेस लाल, मोजा लाल, आणि ते लाल कशाचं हे छातीठोकपणे सांगणार कोण?

त्या दिवशी सकाळी सरावात मी मोहरीला पाहिलं. मोहरी ही समितीचे अध्यक्ष शेखरराव यांची तपकिरी घोडी, आणि तिच्यावर बसते त्यांची सतरा वर्षांची मुलगी हर्षाली. घोड्याचं तोंड आवळणाऱ्या नाकपट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, तिथे आगपेटीची काडी गेली नसती. ओठाच्या कोपऱ्यात लगामाच्या कडीने चीर पडली होती आणि फेस गुलाबी येत होता. सरावात मला कुणाला थांबवता येत नाही, तपासणी फेरीनंतरच. फेरी झाली, मी मोजा घालून पोहोचले, तोवर मोहरी बीट चावत होती.

मी शेखररावांकडे गेले. त्यांनी आधी चहा मागवला. मग मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, बीट आहे ते," ते म्हणाले. "नसेल तर दाखवा. काही चित्रण आहे?"

"चित्रण कुठून असणार? नियम तुम्हाला माहीत आहे."

"हो. तुमचाच आहे."

डॉक्टरांना दाखवा म्हटलं. डॉक्टर आले, पण तेही शेखररावांच्याच तबेल्याचे. त्यांनी हात न लावता 'किरकोळ ओरखडा, खेळण्यास हरकत नाही' असं लिहून दिलं. पंचांनी तो कागद फाइलला लावला. चार वाजता अंतिम फेरी होती आणि मोहरी त्याच पट्ट्यात, त्याच कडीने पुन्हा उड्या मारणार होती. मला त्या सगळ्यांची चीड आली, पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त स्वतःची आली. मी वेदिकासाठी भिंत बांधली होती आणि तिच्या आड हे लोक निवांत बसले होते.

दुपारी तबेल्यामागे रंगनाथभाऊंनी मला हाक मारली. ते मोहरीचे सईस, सायखेड्याचे; वीस वर्षं क्लबमध्ये आहेत आणि बायकोमुलांसकट तबेल्याच्याच खोलीत राहतात. त्यांच्या मोबाइलवरचा स्टिकर फाटलेला होता. त्यांनी स्क्रीन माझ्यापुढे धरली. सकाळी बीट द्यायच्या आधीचं मोहरीचं तोंड होतं ते, आणि त्यातून त्यांच्याच तळहातावर रक्त गळत होतं.

"बाई, हे तुमी दावा पंचास्नी. फकस्त माझं नाव घेऊ नका."

नाव न घेता अहवाल देता येत नव्हता, तसं मीच लिहिलं होतं. नाव दिलं की नोकरीही गेली आणि खोलीही. मी शाळेतल्या आवाजात त्यांना म्हटलं, "पुसा ते. आत्ता, माझ्यासमोर." त्यांनी पुसलं. मी खिशातला नवा स्टिकर काढून त्यांच्या कॅमेऱ्यावर चिकटवला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"मंग चार वाजता ती परत पळंल," ते म्हणाले.

त्यांनी खिशातलं बीट काढून पाहिलं आणि परत ठेवलं.

"आज दुपारच्याला मी तिला बीट देनार नाय. इसरलो म्हनंन. माझ्या हातात येवढंच हाय, बाई."

पावणेचारला मोहरी सरावाला आली. डोकं सारखं झटकत होती. मी सरळ मैदानाच्या मध्ये गेले, अधिकार नसताना हात वर करून हर्षालीला थांबवलं आणि माझ्या मोबाइलवरचा स्टिकर नखाने ओढला. तो फाटला.

"मॅडम, काय करताय?" हर्षालीने विचारलं.

"चित्रण करतेय. उतर खाली आणि पट्टा सैल कर."

ती उतरली. पट्टा सुटला तसं मोहरीने तोंड उघडलं आणि जबडा कितीतरी वेळ हलवत राहिली. आत बीटाचा कण नव्हता. मी पांढरा मोजा घातला, ओठाच्या कडेने बोट फिरवलं आणि ते बोट कॅमेऱ्यासमोर धरलं. हर्षाली आधी माझ्या बोटाकडे आणि मग घोडीच्या तोंडाकडे बघत राहिली.

मग मी टेबलाशी बसून अहवाल लिहिला. चित्रण करताना सापडलेली व्यक्ती: छाया. पकडणारी निरीक्षक: छाया. म्हणजे दोन्हीकडे मीच. खाली सही केली. शेखरराव धावत आले आणि व्हिडिओ ताबडतोब पुसा म्हणाले. मी त्यांना सातवा नियम वाचून दाखवला: आधी तिन्ही पंच पाहतील. तिघांनी एवढ्याशा स्क्रीनवर डोकी एकत्र घातली आणि दोनदा पाहिलं. बीटाचं नाव कुणी काढलं नाही. मोहरी बाद झाली. त्यानंतर ज्येष्ठ पंच माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, आता पुसून टाका." मी सगळ्यांदेखत पुसलं आणि सातव्या नियमाने क्लबमधून कायमची बाहेर झाले.

गेटपर्यंत पोहोचवायला शेखरराव स्वतः आले. आवाज अगदी शांत होता.

"मोहरी पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरातल्या स्पर्धेत उतरतेय."

"तिथेही मोजा असतोच," मी म्हटलं.

"असतो ना. आणि तिथल्या लोकांनी तुमची नियमावली मागवून घेतलीय. बाकी जशीच्या तशी. सातव्यातली पंचांनी बघायची अट तेवढी मी काढायला सांगितली." त्यांनी हात जोडले आणि गेट लावून घेतलं.

मी बाहेर रस्त्यावर उभी राहिले. मोबाइलवर स्टिकरचा डिंक राहिला होता, तो नखाने खरवडत होते. आत एक घोडा फुरफुरला. मोहरी होती की दुसरं कुणी, म्हणून मी टाचा उंचावून पाहिलं, पण काही दिसलं नाही. पत्रे आठ फुटी घ्या, असं मीच सांगितलं होतं.