उजव्या बुटातला चमत्कार

त्या सकाळी आमच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी पाळक पुढच्या चार रांगांना उपदेश करतात आणि मागच्या रिकाम्या खुर्च्या ऐकतात. आज लोक खिडक्यांत चढून बसले होते, कारण पाहुणा उपदेशक प्रार्थनेने लोकांचे पाय लांब करणार होता.

सगळे त्याला ‘अभिषिक्त’ म्हणत. मी मनात ‘झगमग’ म्हणायचे, त्याच्या कोटामुळे. झगमगचं म्हणणं असं, की पाठदुखीचं मूळ आखूड पायात, आखूड पायाचं मूळ कमी विश्वासात, आणि कमी विश्वासावरचा उपाय त्याच्याकडे. हे तो एका दमात सांगायचा, त्यामुळे कुणाला मध्ये प्रश्न घुसवता यायचा नाही.

त्याने माझ्या आईलाच पुढे बोलावलं. आई आजाऱ्यांना घरोघरी डबे पोहोचवते आणि स्वतःच्या पाठीबद्दल चकार शब्द काढत नाही. तिला खुर्चीत बसवून त्याने तिच्या टाचा तळहातांवर घेतल्या. डावा पाय खरंच दोन बोटं आखूड दिसत होता. प्रार्थना झाली आणि सगळ्यांदेखत पाय बरोबरीला आले. लोक रडले, आई रडली, मीही रडले. मग झगमगने टोपली पुढे केली. ज्याचा विश्वास पुरा, त्याने औषधं यात टाकावीत. गोळ्या पडल्या, चष्मे पडले. आईने पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं आणि टाकलं.

माझं रडणं तिथेच आटलं.

चर्चचा कॅमेरा माझ्याकडे असतो आणि त्यात मी पक्की ढ आहे. सगळं जग डाव्या पायाकडे बघत असताना मी पूर्ण वेळ उजवाच दाखवला होता. म्हणून दुपारी रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ दिसलं. पाय उचलताना झगमगने उजवा बूट हळूच बाहेर ओढला होता. टाच आत, बूट दोन बोटं पुढे. शेजारचा पाय आपोआप आखूड. प्रार्थना रंगली की बूट परत दाबायचा. मी बाबांवर करून पाहिलं. त्यांचे पाय इतक्यांदा वाढले की त्यांनाच मजा वाटायला लागली.

आई मात्र ते बघायला तयार नव्हती. तिला गरगरत होतं, सारखी तहान लागत होती, आणि ही आपली कसोटी आहे असं ती म्हणत होती. बाबा डॉक्टरकडे चल म्हणून विनवत राहिले. ती संध्याकाळच्या सभेला निघाली.

सभेत झगमगने विचारलं, आखूड पाय कुणाचा? मी धावत जाऊन खुर्चीत बसले आणि बूट-मोजे काढले.

“बूट घाल, बाळा.”

“वाढायचाय तो पाय ना, काका? मग बूट कशाला?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पवित्र जागी अनवाणी बसू नये, असं त्याने सुनावलं. रांगा भराव्यात म्हणून पाळकांनीच त्याला बोलावलं होतं. आता तेच खाकरले आणि म्हणाले, पवित्र जागी देवाने मोशेला जोडे काढायलाच लावले होते.

तेवढ्यात आई उठली. भिंतीला धरत पुढे आली, मला उठवून स्वतः बसली आणि बूट काढले.

“आता करून दाखवा.”

“देवाची परीक्षा पाहू नये, ताई.”

“मग माझी का पाहिलीत?”

झगमगचा दम संपला. मी माइक घेऊन बुटाची सगळी युक्ती सांगितली. आईने टोपलीतून पेन शोधून काढलं, आणि पाळकांनी स्वतः तिला गाडीतून दवाखान्यात नेलं. तिथे तिला दोन दिवस ठेवून घेतलं आणि डॉक्टरीणबाईंनी यथेच्छ झापलं. इकडे टोपलीपाशी अशी झुंबड उडाली, की गायनमंडळातले आजोबा भलत्याच बाईचा चष्मा लावून घरी गेले.

तेव्हा मंडळी, कुणी बोट दाखवून ‘इकडे बघा’ म्हणालं, तर जरा दुसरीकडेही बघा. औषध सोडायला सांगितलं, तर सरळ उठून निघा. त्याने विश्वास कमी होत नाही. आणि खरे शिष्य व्हायचंच असेल, तर येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, लांब केल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. आपण आधी धुवायला शिकू. लांबी आहे तेवढी पुरते.