अम्मनच्या हाताचं माप

पंचधातूची मूर्ती एक. उंची त्रेसष्ट सेंटीमीटर. वजन अडतीस किलो सहाशे चाळीस ग्रॅम. अंगावर दागिना नाही. सोबत कारकून एक, पोलीस दोन.

मुरुगैयन कारकुनाने पावती मोठ्याने वाचली आणि वजनकाटा मंडपातच एका खांबाला टेकवून ठेवला. संध्याकाळी पुन्हा लागणार होता. शेजारच्या गावातली उत्सवमूर्ती चोरीला गेली, तेव्हापासून कोरैयूरची देवी सौंदरनायकी अम्मन सरकारी कोठारात राहते. वर्षातून एकदा, आडी महिन्यातल्या पूरम नक्षत्राला, बांगड्या भरण्यासाठी तिला घरी, देवळात आणतात. सूर्यास्ताच्या आत परत न्यायची.

"सही करा, गुरुक्कळ."

"माझी नाही आता. उमापतीची घ्या," पुजारी सबेसन गुरुक्कळ म्हणाले.

अडतीस वर्षं ती सही त्यांची होती. गेल्या कार्तिकात त्यांची बायको धर्मांबाळ गेली. बायको नसलेल्या शिवाचार्याने मूर्तीला हात लावायचा नाही, अशी इथली रीत. तेव्हापासून ते दुसऱ्या उंबरठ्याच्या बाहेर उभे राहतात. चार देवळं सांभाळणारा तरुण उमापती मोटारसायकलवरून येतो आणि वीस मिनिटांत पूजा उरकतो. सबेसन त्याच्यासाठी चंदन उगाळून ठेवतात. तो गेला की दिव्यातली वात सारतात आणि घरी जाऊन एका माणसाचा भात लावतात. तो अजूनही दोन वेळा पुरतो.

आज मात्र एक काम त्यांचं होतं. प्राकाराच्या भिंतीवर एक जुना शिलालेख आहे. देवळातल्या एका नाचणारीने अम्मनच्या बांगड्यांसाठी जमीन दिली, असं त्यात कोरलेलं आहे. ती जमीन कुठली, हे आता कोणाला सांगता येत नाही. बांगड्या पुजाऱ्याच्या घरून येतात. धर्मांबाळ आणायची. आणणं पूजेत मोडत नाही, म्हणून यंदा बसने बाजारात जाऊन सबेसनच घेऊन आले होते. चार डझन, हिरव्या, काचेच्या.

"अकराच बायका," फुलं विकणारी वळ्ळियम्मै म्हणाली. "धर्मांबाळ मामी असत्या तर एकेकीला चुलीपुढून ओढून आणली असती. तुम्हाला काय, सामी, गुडघ्याएवढ्या आवाजात बोलावता, कोण येणार!"

"तू आलीस ना."

"मी फुलं विकायला आले."

बायका हसल्या. उमापतीने पहिली बांगडी अम्मनच्या खाली सोडलेल्या डाव्या हातात घातली. ती मनगटावर थांबलीच नाही. दगडावर पडून वाढली. दुसरीही वाढली. तिसरी त्याने वर उचललेल्या उजव्या हातात घातली. ती सुळकन कोपरापर्यंत उतरली. पडू नये म्हणून त्याने ती अंगठ्याने पुढे दाबली.

"अण्णा, हे काय आणलंत?" उमापती वैतागला. "अजून दोन देवळं आहेत मला."

वळ्ळियम्मैने ताटातली एक बांगडी उचलून स्वतःच्या हातात घालून पाहिली. अगदी बसली.

"अहो, ह्या दोन-चारच्या! अम्मनला लहान पोरीच्या लागतात, एक-आठच्या. मामी दोन्ही एकदमच घ्यायच्या, अम्मनला एक-आठ आणि स्वतःला दोन-चार. दुकानदाराने माप नाही विचारलं?"

"विचारलं," सबेसन म्हणाले. "मला एकच माप ठाऊक होतं."

वळ्ळियम्मैने हातातली बांगडी काढून ताटात ठेवली. टोपलीतून केळीचा दोरा काढला, त्यात बांगड्या ओवल्या आणि माळ उमापतीच्या हातात दिली. "गळ्यात घाला. हातात काय नि गळ्यात काय. तिला आवाज आला म्हणजे झालं."

आरती झाली. माळ सोडून बांगड्या वाटल्या. दरवर्षीच्या बांगड्या बायका घरी लेकींना नेत. या वर्षी त्या त्यांच्याच हातात बसल्या. पंचेचाळीस बांगड्या, अकरा जणी, चार-चार. उरलेली एक ताटात राहिली. ती घ्यायला कोणी नव्हतं.

पाच वाजता मुरुगैयन उठला. तेव्हा उजव्या कोपरातली बांगडी दिसली. उमापतीने ओढून पाहिली, तेल लावून पाहिलं. ती कोपराच्या वळणात पक्की अडकली होती.

"फोडा," मुरुगैयन म्हणाला. "ऊन उतरायला लागलं."

उमापतीने नारळ फोडायचा कोयता उचलला.

"थांब."

सबेसन उंबरठ्याच्या बाहेरच उभे होते. त्यांचा आवाज पोलिसांनाही ऐकू गेला. "नवरा आत बसलाय तिचा, पिंडीत. आणि तुम्ही तिच्या हातातली बांगडी वाढवता? आमच्या हिची सुद्धा शेवटपर्यंत हातात होती. मी तशीच पाठवली."

उमापतीने कोयता खाली ठेवला.

"अहो गुरुक्कळ, पावतीत 'दागिना नाही' असं आहे," मुरुगैयन हळू आवाजात म्हणाला. "उद्या मला विचारतील."

"मग लिहा."

"काय लिहू?"

"काचेची बांगडी, हिरवी, एक. माप दोन-चार."

मुरुगैयनने पोलिसांकडे पाहिलं. मग पावती गुडघ्यावर घेऊन त्याने तसंच लिहिलं. दोघा पोलिसांनी मूर्ती उचलून काट्यावर ठेवली.

उंची त्रेसष्ट सेंटीमीटर. वजन अडतीस किलो सहाशे पन्नास ग्रॅम.