पेट्रोल न प्यायलेलं इंजिन

मी एक जुनं इंजिन आहे. जन्मात पेट्रोलचा थेंब चाखलेला नाही. हसा, खुशाल हसा! पण मित्रांनो, एके काळी नाशिकच्या द्वारका चौकात मला बघायला ट्रकवाले गाडीतून खाली उतरत असत.

मला घडवलं मल्हारीने. द्वारकेजवळच्या एका गॅरेजात तो दिवसभर लोकांच्या मोटारसायकली दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी सायकलवर टांग टाकून घरी जायचा. एकोणीसशे एकोणऐंशी साली त्याच्या मनाने घेतलं, की आपल्याही सायकलला इंजिन पाहिजे. खरं मिळणार नव्हतं, मग निदान दिसायला तरी! बाभळीचा ओंडका तासून त्याने माझं पोट केलं. डालड्याच्या डब्यांचे पत्रे गोल कापून त्यावर एकाखाली एक बसवले. लोखंडी खाटेच्या पायाचा सायलेन्सर झाला. डोक्यात एक निकामी प्लग ठोकला, वरून चंदेरी रंग दिला आणि सायकलच्या दांड्याखाली, पायडलांच्या मध्ये मला नटांनी आवळलं.

"आता ह्यात घासलेट कुठून भरायचं?" त्याची बायको लताबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. पण मागच्या चाकाच्या तारांना घासेल असा जाड पुठ्ठा त्याने लावला आणि तीही बघतच राहिली. काय तो आवाज! फट् फट् फट्! मी तर हवेतच होतो. सायकल मल्हारी नाही, मीच चालवतो, असं मला मनापासून वाटायचं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मल्हारी दिंडोरीला बहिणीकडे सोनं द्यायला निघाला. द्राक्षबागांची छाटणी चालू होती. रस्त्याच्या कडेला गोरख नावाचा शेतकरी घाईघाईने गाडीला बैल जुंपत होता. गाडीत त्याची तरुण बायको चांगुणा थरथरत बसली होती. बागेत काड्या गोळा करताना तिला साप चावला होता.

माझी फटफट ऐकली आणि गोरख थेट रस्त्यात आडवा आला. "दादा, हिला पान लागलंय! दिंडोरीच्या दवाखान्यात पोचवा. बैल कधी पोचायचे? तुमची फटफटी हाय, देवच पावला!"

मल्हारीच्या तोंडचं पाणी पळालं. ओझं तरी कमी होईल म्हणून त्याने खिशातला पाना काढून माझ्या नटाला लावला. गोरखने त्याचा हातच धरला. "आवो, इंजिन काय खोलता? त्येच तर नेणार हाय तिला!"

मल्हारी खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात चांगुणा म्हणाली, "फटफटी हाय ना? मग वाचते मी. लय घाबरले होते."

तिची थरथर थांबली होती. मल्हारीने पाना गुपचूप खिशात टाकला. "बस ताई, मला घट्ट धर." ती पडू नये म्हणून गोरखने आपल्या पटक्याने दोघांना कमरेशी बांधलं, आणि आम्ही निघालो.

चढ लागला. मित्रांनो, तेव्हा मला कळलं, की मी काहीच करत नाही. मी नुसता लटकत होतो. मल्हारीच्या पोटऱ्या माझ्या अगदी शेजारी वर-खाली होत होत्या. शिरा तटतटल्या होत्या, घाम माझ्या पत्र्यांवर टपटपत होता. तो उभा राहून पायडल मारत होता. मध्येच पुठ्ठा फाटला आणि आवाज बंद पडला.

"दादा, फटफटी बंद पडली का?" चांगुणाने घाबरून विचारलं.

"छे गं!" मल्हारी म्हणाला. आणि काय सांगू तुम्हाला, श्वास पुरत नव्हता तरी तो तोंडाने फट् फट् करू लागला! अरे देवा! भाकरीवर चालणारे दोन पाय, आणि एवढी ताकद! मी थक्क होऊन बघत राहिलो.

दिंडोरीत तिला वेळेवर इंजेक्शन मिळालं. चांगुणा वाचली.

बऱ्याच वेळाने गोरख आणि त्याची आई कुसाबाई बैलगाडीने आले. सून डोळे उघडून बोलतेय हे बघून कुसाबाई बाहेर आली आणि कनवटीची हळदकुंकवाची पुडी सोडून मला बोट लावू लागली. मल्हारी दवाखान्याच्या पायरीवर बसला होता.

"मावशी, नका लावू. ते लाकूड आहे. खोटं इंजिन आहे."

कुसाबाईने मला टिचकी मारून पाहिली. मग तिची नजर मल्हारीच्या पायांकडे गेली. ते अजून लटलट कापत होते. गोरखने डोक्याला हात लावला. कुसाबाई मात्र खाली बसली आणि तिने मल्हारीच्या पायांना हळदकुंकू लावलं. तो पाय मागे ओढत होता, ती सोडत नव्हती.

पुढे मल्हारीने एक जुनी मोटारसायकल घेतली आणि मी माळ्यावर गेलो. आता पत्रे गंजले आहेत. कुणीतरी धूळ झटकावी असं वाटतं कधी कधी. पण मित्रांनो, माझं राहू द्या. तुमच्या घरी कुणी सायकल दामटत दमून येत असेल, तर त्याच्या पोटऱ्या जरा तेल लावून चोळून द्या. मी त्या फार जवळून पाहिल्या आहेत.