मोरपंखी पेटुनिया

जनुकं बदललेलं रोप प्रयोगशाळेबाहेर निसटू नये म्हणून जगभरच्या देशांनी जे नियम ठरवलेत, ते संस्थेत पाळून घेणं हे जैवसुरक्षा अधिकाऱ्याचं काम. हरितगृहातला कोट बाहेर न्यायचा नाही, हा नियम तो नव्या माणसाकडून मोठ्याने म्हणवून घेई. स्वतःचा कोट मात्र पिशवीत घालून घरी आणी. संस्थेच्या धुलाईत कॉलर मऊ पडते, आणि मऊ कॉलरला कोणी भीत नाही, असं त्याचं मत होतं.

बायको धुण्याआधी खिसे झटकायची. गॅलरीत, कुंड्यांवर.

परदेशी परिषदेत ‘इतरांचा निष्काळजीपणा’ या विषयावर बोलून तो परतला, तेव्हा कुंडीत पेटुनिया फुलली होती. मोरपंखी. हा रंग फक्त संस्थेच्या हरितगृहात होता आणि त्याची किल्ली याच्याकडे होती.

“बघा तरी,” बायको म्हणाली. तिच्या हातून आजवर कोरफडही जगली नव्हती. “दाट उगवली म्हणून वाटली थोडी. खालच्या मास्तरांना, समोरच्या डॉक्टरीणबाईंना, वर तुमच्या बहिणीला.”

त्याने तिला सगळं सांगितलं. तिने कुंडीतली रोपं मुळासकट उपटली आणि परिषदेत प्रात्यक्षिकासाठी नेलेल्या, जाळायच्या जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली.

“चला. दिली मी, मागायलाही येते.”

मास्तरांनी दार उघडलं. “ते रोप परत हवं होतं,” तो म्हणाला. “हिच्या कुंडीत रोग निघालाय.”

“तरीच. वहिनींच्या हातून इतकं बरं येईल असं वाटलंच नव्हतं.”

डॉक्टरीणबाईंनी रोप दोन बोटांत धरून दिलं आणि बायकोला म्हणाल्या, “जरा स्वच्छता ठेवत जा हो.”

जिन्यात बायकोने विचारलं, “रोगाचं नाव काय सांगायचं? तुमची बहीण नाव विचारते.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाला उलट बोलता येतं.

बहिणीने रोपाला काडीचा आधार दिला होता. “दादा, बघ, कळी धरलीय. वहिनीच्या हाताला गुण आलाय हं.”

“तो गुण माझ्या कोटाचा आहे,” तो म्हणाला. “खिशातून बी आलं. कोट घरी आणायला बंदी आहे. बंदी बघायला मीच आहे.”

“मग आणतोस कशाला?”

“कॉलर.”

“म्हणजे एवढी मोठी संस्था, आणि तिचे कपडे आमची वहिनी धुते?”

यावर कुठल्याही आंतरराष्ट्रीय करारात कलम नव्हतं. बहिणीने रोप त्याच्या हातात दिलं नाही, वहिनीच्या दिलं. बायकोने ते कळी न मोडता पिशवीत ठेवलं, जणू ते जाळायचं नव्हतं.

“संस्थेला आत्ताच कळवतो,” तो म्हणाला.

“कळवा. पण आधी मास्तर आणि डॉक्टरीणबाई. हेच सांगायचं, कॉलरसकट,” बायको म्हणाली.

तो पायऱ्या उतरू लागला. अंगातला शर्ट तिनेच कांजी करून इस्त्री केलेला होता. मान खाली घातली की कॉलर टोचत होती.