मिरचीच्या शेडची कडी

भर उन्हात बायका मिरच्या तोडत होत्या. टेम्पोवाला बांधावर येऊन टेकला आणि शिंपीणआजीला म्हणाला, "आजी, नातीला शहरात दवाखान्यात कामाला लावून देतो. राहणं-खाणं फुकट. उद्या सकाळी तयार ठेवा पोरीला."

शेजारच्या घरची थोरली पलीकडच्या सरीत तोडत होती. तिचे हात थांबले. बारा वर्षांपूर्वी हाच माणूस, हेच गोड बोलणं. तेव्हा ती याच्याच टेम्पोत चढली होती, आणि उतरली ती थेट कुलूपबंद खोलीत. नऊ वर्षं तिथं गेली. परतल्यावर आईनं गावाला सांगितलं, पोरगी दवाखान्यात झाडलोट करायची. थोरलीनंही तेच रेटलं. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं होतं.

टेम्पोवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. ओळखलं नाही.

"टेम्पोत भरायची पोती शेडमध्ये आहेत, बघून घ्या," ती म्हणाली.

तो आत शिरला तसं तिनं पत्र्याचं दार ओढलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसली. आत वाळल्या मिरचीचा ढीग, वर तापलेला पत्रा. लगेच खोकला सुरू झाला.

शिंपीणआजी धावत आली. "अगं, ठसक्यानं जीव जाईल त्याचा. देवमाणूस आहे तो."

"जात नाही, आजी. नऊ वर्षं कोंडलेली होते, माझा गेला का? यानंच विकलं मला. दवाखाना-बिवाखाना काही नव्हता. रोज नवे पुरुष यायचे."

बायकांत धाकटीची होणारी सासूही होती. तिनं मान फिरवली आणि घराची वाट धरली. थोरलीनं ते पाहिलं, पण जागची हलली नाही.

"पोलिसांना फोन करा कुणीतरी," ती म्हणाली. मग दारावर थाप मारली. "माझं नाव सांग. बरोबर निघालं तर उघडते."

खोकत खोकत तो नावं घेऊ लागला. एक झालं, दोन झाली, पाच झाली. तिचं त्यात नव्हतं.

सहावं नाव ऐकलं आणि कडीकडे गेलेला शिंपीणआजीचा हात तिथंच राहिला. तिच्या लेकीचं होतं ते. कुणाचा तरी हात धरून पळाली म्हणून पंधरा वर्षं आजीनं ते नाव घरात कुणाला काढू दिलं नव्हतं.

"आजी, उघडा ना," आतून आवाज आला.

आजीनं हात मागे घेतला.

"सरक जरा," ती थोरलीला म्हणाली, आणि तिच्या शेजारी दाराला पाठ लावून बसली.