गार नळी

आठ दिवस घरात नुसता जयजयकार चालला होता. तीन हलके चेंडू असलेलं प्लॅस्टिकचं ते यंत्र भातोबा तोंडाला लावायचे, फुंकर मारायचे, आणि तिन्ही चेंडू टणकन वर जाऊन चिकटायचे. बायको टाळ्या वाजवायची. मुलगी फोनवर विचारायची, "किती?" आणि भातोबा मिशीवरून बोट फिरवत सांगायचे, "तिन्ही! पोरी, पस्तीस वर्षं काच फुगवलीय तुझ्या बापाने."

त्यात खोटं काही नव्हतं. प्रयोगशाळांना लागणारे काचेचे चंबू त्यांच्या कारखान्यात व्हायचे. लोखंडी नळीच्या टोकाला रसरसलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि एका दमात चंबू फुगवायचा, तर तो भातोबांनीच. भट्टीचा भाता थकेल पण हा माणूस थकणार नाही, असं सगळे म्हणत, त्यातूनच हे नाव पडलं. आता मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली होती. गुरुवारी ऑपरेशन होतं. त्याआधी छाती मोकळी व्हावी म्हणून दवाखान्याने हे यंत्र हातात दिलं, तेव्हा भातोबांना हसूच आलं होतं. देवाने दुखणं दिलं, पण परीक्षा मात्र आपल्या पाठ असलेल्या धड्याचीच घेतली म्हणायची!

शनिवारी श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंसमोर त्यांनी ऐटीत फुंकर मारली. चेंडू वर गेले. बाई बघतच राहिल्या.

"काका, यंत्र उलटं का धरलंत?"

"सरळ धरलं की चेंडू हलतच नाहीत. उलटं जोडून आलंय म्हटलं, घेतलं सांभाळून."

"अहो, फुंकायचं नाहीये यात. श्वास आत ओढायचाय."

बायकोने कपाळावर हात मारला. भातोबांनी यंत्र सरळ केलं आणि ओढून पाहिलं. पहिला चेंडू जेमतेम थरथरला आणि खाली बसला. बाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, तेव्हा त्यांचं हसू गेलं.

"फुप्फुसाचा खालचा भाग उघडतच नाहीये. भट्टीचा धूर आहे वर्षानुवर्षांचा. असंच ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं तर नंतर छाती भरेल, न्यूमोनिया होईल. मंगळवारी दहाला या. दोन चेंडू वर, तीन आकडे मोजेपर्यंत. तेवढं झालं तर गुरुवार पक्का. नाहीतर भूल देणाऱ्या मॅडम तीन आठवडे पुढे ढकलतील."

आणि ऑपरेशन करणारे डॉक्टर तर पहिल्याच दिवशी बोलले होते की ही गाठ थांबून राहणारी नव्हे.

रविवारी मुलगी आली ती बसच्या गणवेशातच. शहराच्या बसची चालक ती. पहाटेची फेरी संपवून, पुढच्या दोन दिवसांची रजा टाकून आली होती. मागोमाग मामा, म्हणजे भातोबांचा मेहुणा, हातात पेय प्यायच्या कागदी नळ्यांचा जुडगा घेऊन हजर.

"यंत्राला आम्ही तोंड लावायचं नाही, असं तुमच्या बाईंनी बजावलंय. म्हणून हा खेळ," मामाने टेबलावर बश्या मांडल्या आणि कागदाचे कपटे टाकले. "नळीने कपटा ओढून धरायचा, या बशीतून त्या बशीत. हात लावायचा नाही. हरेल त्याने भांडी घासायची."

मुलीने सात कपटे नेले. बायकोने नऊ. मामाने चौदा नेले आणि वर नाक उडवलं. भातोबा वाकले, नळी कपट्यावर टेकवली आणि फूऽऽ! सगळे कपटे उडाले. एक मामाच्या चहात पडला.

"दाजी, आम्ही काय तुमच्या भट्टीतले चंबू आहोत का?"

घरभर हशा पिकला. भातोबाही हसले, पण दुसऱ्यांदा वाकले तरी तेच झालं. तिसऱ्यांदाही. चौथ्या वेळी त्यांनी नळी बाजूला ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"बाबा, होईल हो."

"नाही होत गं," ते हळूच म्हणाले. "कामाला लागलो तेव्हा वस्तादांनी पहिल्या दिवशी काय केलं माहितीये? कानाखाली वाजवली. म्हणाले, नळीला तोंड असताना आत ओढलंस तर जाळ छातीत उतरेल, परत यायचा नाहीस. पस्तीस वर्षं जपलंय ते. नळी ओठाला लागली की घसाच बंद होतो माझा. मी ठरवून करत नाही."

माणसाला ज्या नियमाने जिवंत ठेवलं, त्याच नियमाने आता त्याचा गळा धरला होता.

बायको उठली. यंत्राची नळी काढून तिने ती धुतली आणि सरळ फ्रिजमध्ये ठेवली.

"ताई, दुधाशेजारी?" मामा म्हणाला.

"तू गप्प बस. आणि तुम्ही उभे राहा."

"उभाच आहे."

"तसे नाही. भट्टीपुढे राहता तसे. डबा घेऊन यायचे ना मी? बाकीचे तुमची फुंकर बघत बसायचे. मी त्याच्या आधीचं बघायचे. पाय फाकलेले, खांदे खाली, आणि पोट असं पुढे. तेवढा श्वास कुठून आणायचात?"

"नाकातून. नळी तोंडाला लावायच्या आधी."

"म्हणजे भरून घेता येतं की तुम्हाला. देणारा रोज देत होता, तुम्ही रोज घेत होतात. फक्त दुसऱ्या दारातून."

दहा मिनिटांनी तिने नळी आणून त्यांच्या ओठाला टेकवली. भातोबा दचकले.

"कशी आहे?"

"गार."

"जाळ आहे का आत?"

"...नाही."

"मग ओढा. देवाचं नाव घ्या आणि ओढा."

भातोबांनी पाय फाकले, खांदे सोडले, डोळे मिटले. पहिल्या खेपेला घसा बंद. दुसऱ्या खेपेला खोकला. मुलगी पाठ चोळत होती, मामा दर खेपेला नळी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून आणत होता. भांडी तशीच पडली होती. अकराव्या खेपेला पहिला चेंडू वर गेला आणि क्षणभर टिकला. कुणी टाळी वाजवली नाही. सगळे श्वास धरून उभे होते.

"पुन्हा," भातोबा म्हणाले.

सोमवारी दिवसभर तेच. तासातून दहा वेळा, मग जिन्याच्या दोन फेऱ्या, मग मामाशी एक डाव कपट्यांचा. दुपारी जेवताना ते मध्येच चमचा ठेवून उठायचे, फ्रिज उघडायचे, उभे राहायचे. संध्याकाळी दुसरा चेंडू उचलला, पण मुलीने "एक" म्हणेपर्यंत खाली आला. "पुन्हा." झोपायला जाण्याआधी "दोन" पर्यंत गेला. तिसरा आकडा काही हाती लागला नाही.

मंगळवारी दहा वाजता बाईंनी खुर्ची पुढे केली.

"उभा राहूनच करतो," भातोबा म्हणाले.

बायकोने पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली नळी काढली. बाईंनी भुवया उंचावल्या.

"गार लागते त्यांना," बायको एवढंच म्हणाली.

भातोबांनी ओठ टेकवले. गारवा लागला. पोट पुढे आलं, आणि श्वास आत निघाला, सावकाश, जसा नळीच्या टोकाला लाल गोळा असताना घाई न करता घ्यावा तसा. पहिला चेंडू वर. दुसरा डळमळला, चढला.

"एक," बाई म्हणाल्या.

मुलीने आईचा दंड घट्ट धरला.

"दोन."

मानेच्या शिरा टरारल्या. दुसरा चेंडू बोटभर घसरला. भातोबांनी खांदे आणखी खाली सोडले, आणि तो परत वर जाऊन चिकटला.

"तीन."

तो आणखी थोडा वेळ तिथेच राहिला, मग टपकन पडला. बाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, डावीकडे, उजवीकडे, बराच वेळ ऐकलं. मग कागदावर सही केली.

"गुरुवारी सकाळी सातला, उपाशीपोटी. ऑपरेशननंतर शुद्धीवर आलात की पहिलं काम हेच. दुखेल, तरी ओढायचं."

"ओढेन," भातोबा म्हणाले. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीला पुसला.

घरी आल्यावर बायको त्यांना म्हणाली, आता जरा आडवे व्हा. भातोबांनी ऐकलं नाही. टेबल पुसून घेतलं, बश्या मांडल्या, कागद फाडून कपटे केले.

"मामा, या इकडे. अजून दोन दिवस आहेत. चौदाच्या वर गेल्याशिवाय मी डॉक्टरांच्या टेबलावर झोपणार नाही."

"दाजी, चहा आधी संपवू द्या, मागच्या वेळचा अनुभव आहे," म्हणत मामाने कप उचलून लांब ठेवला. मुलीने खुर्ची ओढली. बायकोने एक कागदी नळी फ्रिजमधून काढून नवऱ्यापुढे ठेवली, आणि वाऱ्याने कपटे उडू नयेत म्हणून खिडकी लावून घेतली.