पापणी आणि साबणाची डबी

आमच्या घरात आजवर माझा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता. तो पाडला एका साबणाच्या डबीनं.

आमचा कोंबड्यांचा धंदा. अंडी उबवायच्या पेटीत ऊब बरोबर आहे का, हे मी अंडं मिटलेल्या पापणीला लावून सांगते. चाळीस वर्षं सांगतेय. पेटीत नंतर दिवे आले, पापणी तीच राहिली.

नात यंदा आठवी पास झाली. शाळेत नववीपासून एक काम शिकवतात, शिवण नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स. आमची खटपटी, घरात तिला हीच हाक, इलेक्ट्रॉनिक्सवर अडून बसली. बाईंनी मुलींना चार दिवस त्या वर्गात बसवलं होतं. तिथून ही साबणाच्या डबीत तारा कोंबून ऊब मोजायचं यंत्रच घेऊन आली. फॉर्मचा शेवटचा दिवस उजाडला तरी तिचा बाप सही करेना.

"वीस पोरांत एकटी पोर! शिवण घे, घरात उपयोग होईल."

"बाबा, घरातलं शिलाई मशीन दोन वर्षं बंद आहे. आधी ते दुरुस्त कोण करणार?"

मी तिकडे लक्ष न देता पेटीतलं अंडं पापणीला लावलं. गारढोण!

"दिवा वाढव गं. साठ जीव गारठतील."

"आजी, डबी साडेसदतीस दाखवतेय. बरोबर आहे." आणि पोरगी बटणावर हात ठेवून उभी राहिली. माझ्यासमोर!

"तुझी डबी चार दिवसांची. सर बाजूला."

"नाही सरणार. अंडी उकडतील."

मुलगा खूश झाला. "डबी चुकली तर फॉर्म चुलीत!"

"आणि आजी चुकली तर सही?"

"करीन की. आई चुकत नाही." गुणाचं लेकरू माझं.

खटपटीनं पेटीतली तार काढली आणि सरळ माझ्या काखेत खुपसली. "दोन मिनिटं गप्प बस." मला! आकडे चढत गेले. अडतीस. साडेअडतीस. एकोणचाळीस.

सुनेनं माझ्या कपाळाला हात लावला. "अहो आई, अंग भाजतंय की! सकाळपासून कुडकुडताय आणि आम्हाला सांगताय वारं सुटलंय!"

"तूच तापलीस आजी," नात हळूच म्हणाली, "म्हणून अंडं गार लागतंय."

मला कळलं. दिवा वाढवला असता तर साठ अंडी मीच उकडली असती. पण तसं बोलून दाखवायची मला सवय नाही.

मुलगा गुपचूप दाराकडे सरकत होता.

"कुठे निघालास? पेन आण."

"आई, पण वीस पोरं..."

"ती काय चावते त्यांना? आण म्हटलं ना!"

त्यानं सही केली. खाली जागा नव्हती, तरी मीही केली, दुसरीत शिकलेल्या वाकड्या अक्षरांत. मग गोधडी ओढून झोपले.

चोपन्न पिल्लं निघाली. अंडं मी अजून पापणीलाच लावते. फक्त आधी ती तार काखेत धरते.